साखरेचे कोडे सोडवणारे एमिल फिशर

द्राक्ष गोड लागते, खजूर गोड लागतो, मध गोड लागतो आणि चहात घातलेली साखरही गोडच लागते. पण या सगळ्यांतली गोडी एकच आहे का? जिभेला विचाराल तर ती हो म्हणेल. रसायनशास्त्रज्ञाला विचाराल तर तो नाही म्हणेल. साखर एक नसते, अनेक प्रकारच्या साखरा असतात. द्राक्षशर्करा म्हणजे ग्लुकोज, फलशर्करा म्हणजे फ्रुक्टोज. उसापासून मिळणाऱ्या साखरेचा रेणू या दोघींच्या जोडणीतून बनतो. दुधातली साखर आणखी निराळी. या सर्वांना आणि भाकरी-भातातल्या पिष्टाला मिळून आपण कर्बोदके म्हणतो.

आज ही माहिती तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात सहज सापडते. पण सुमारे दीडशे वर्षांपूर्वी जगातल्या मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांनाही साखरेच्या रेणूची रचना ठाऊक नव्हती. हे कोडे ज्यांनी सोडवले आणि प्रयोगशाळेत साखर तयार करून दाखवली, त्या एमिल फिशर या जर्मन शास्त्रज्ञाची ही कथा आहे.

एमिल फिशर यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८५२ रोजी जर्मनीतील कोलोन शहराजवळच्या ऑयस्किर्शेन या लहान गावी झाला. वडील लॉरेन्झ फिशर हे यशस्वी व्यापारी होते. आपल्या मुलाने घरचा लाकडाचा व्यापार सांभाळावा, अशी त्यांची इच्छा होती. एमिल अभ्यासात हुशार होता. १८६९ साली तो शालान्त परीक्षा उत्तम रीतीने पास झाला. त्याला पदार्थविज्ञान शिकायचे होते. पण वडिलांच्या शब्दाखातर तो दुकानात जाऊन बसला.

मित्रांनो, व्यापारात त्याचे मन मुळीच रमले नाही. जमाखर्चाच्या वह्यांपेक्षा प्रयोगांचीच त्याला ओढ होती. शेवटी वडिलांनी हात टेकले. हा मुलगा व्यापारी होण्याइतका शहाणा नाही, तेव्हा त्याने शिकलेलेच बरे, असे त्यांनी ठरवून टाकले. रागाने घेतलेला हा निर्णय विज्ञानाच्या मात्र फार उपयोगी पडला.

१८७१ साली एमिल बॉन विद्यापीठात दाखल झाला. तेथे ऑगस्ट केकुले यांची रसायनशास्त्रावरील व्याख्याने त्याने ऐकली. तरीही त्याचा ओढा पदार्थविज्ञानाकडेच होता. तेव्हा ऑटो फिशर या त्याच्या चुलतभावाने त्याची समजूत घातली आणि १८७२ साली दोघे स्ट्रासबर्गच्या विद्यापीठात गेले. तेथे ॲडॉल्फ फॉन बायर हे थोर शिक्षक त्यांना लाभले. रंगद्रव्यांवर काम करून एमिल फिशर यांनी १८७४ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, डॉक्टरेट मिळवली.

पुढच्याच वर्षी त्यांच्या हाती एक नवा पदार्थ लागला. त्याचे नाव फेनिलहायड्राझिन. हे नाव अवघड आहे, पण ते लक्षात ठेवा. याच पदार्थाने फिशर यांना कीर्ती दिली आणि याच पदार्थाने त्यांचे आरोग्यही बिघडवले.

बायर म्युनिकला गेले तेव्हा फिशरही त्यांच्याबरोबर गेले. त्यानंतर एर्लांगेन आणि १८८५ पासून वुर्झबर्ग येथे ते प्राध्यापक झाले. मधल्या काळात, १८८३ साली, रंग बनवणाऱ्या एका मोठ्या जर्मन कारखान्याने आपल्या प्रयोगशाळेचे प्रमुखपद त्यांना देऊ केले. पण फिशर यांनी ते नाकारले. त्यांना संशोधन करायचे होते आणि विद्यार्थ्यांना शिकवायचे होते. पैशांची चिंता त्यांना नव्हती, कारण तोपर्यंत वडिलांनीच त्यांची आर्थिक सोय करून दिली होती. एकेकाळी मुलावर रागावलेले वडील आता त्याच्या संशोधनाच्या पाठीशी उभे होते.

आता आपण मुख्य कोड्याकडे वळू या.

ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. गंमत अशी, की फ्रुक्टोजच्या रेणूतही नेमके तेवढेच अणू असतात. मॅनोज आणि गॅलॅक्टोज या साखरांचेही तेच. अणू तेच, त्यांची संख्याही तीच, तरी साखरा निराळ्या! असे कसे होते? तुम्हीच एक उदाहरण घ्या. 'नवरा' आणि 'रावन' यांत अक्षरे तीच आहेत, फक्त त्यांची जागा बदलली आहे. रेणूंतही अणूंच्या जागा बदलल्या की पदार्थ बदलतो.

पण साखरांची अडचण याहून मोठी होती. त्यांच्यात काही अणू एकाच कार्बनला जोडलेले असूनही कधी उजव्या बाजूला, तर कधी डाव्या बाजूला असतात. तुमचे दोन्ही हात समोर धरून पाहा. दोन्ही हातांना पाच बोटे आहेत, तरी उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात नीट बसत नाही. १८७४ साली व्हान्ट हॉफ आणि ल बेल या दोन तरुण शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे असा विचार मांडला, की कार्बनला जोडलेले चार अणू एकाच पातळीत नसतात, तर चार दिशांना पसरलेले असतात. त्यामुळे काही रेणूंची अशी डावी-उजवी रूपे होतात. त्या वेळी काही ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी या विचाराची थट्टा केली होती.

ग्लुकोजच्या साखळीत असे डावे-उजवे होऊ शकणारे चार कार्बन आहेत. प्रत्येकाच्या दोन शक्यता. आता गुणाकार करा : दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन. उत्तर येते १६. म्हणजे या जातीच्या १६ साखरा असू शकतात. त्यांपैकी ग्लुकोज कोणती? डोळ्यांना किंवा सूक्ष्मदर्शकालाही रेणूतले अणू दिसत नव्हते. मग हे ओळखायचे कसे?

त्यात आणखी एक संकट होते. साखरांच्या मिश्रणाचे पाणी आटवले की चिकट पाक उरतो. त्याचे स्वच्छ स्फटिक सहजासहजी बनत नाहीत. स्फटिक नाहीत म्हणजे पदार्थ शुद्ध नाही आणि पदार्थ शुद्ध नाही म्हणजे त्याची ओळख पटवणे कठीण. अनेक संशोधक या पाकातच अडकून पडले होते.

येथे फेनिलहायड्राझिन मदतीला आले. १८८४ साली फिशर यांना दिसले, की साखरेच्या द्रावणात हा पदार्थ मिसळून ते तापवले तर पिवळे सुंदर स्फटिक खाली बसतात. या स्फटिकरूप पदार्थाला त्यांनी ओसाझोन असे नाव दिले. स्फटिकांचा आकार पाहून आणि ते किती तापमानाला वितळतात हे मोजून साखर ओळखता येऊ लागली. चिकट पाकातून एक वाट निघाली.

त्याच वाटेवर एक महत्त्वाची खूण सापडली. ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि मॅनोज या तिन्ही साखरांपासून एकच ओसाझोन मिळत होते. ओसाझोन बनताना साखळीतील पहिल्या दोन कार्बनांवरच क्रिया होते. बाकीचे चार तसेच राहतात. तेव्हा फिशर यांनी निष्कर्ष काढला, की या तिघींचे खालचे चार कार्बन अगदी सारखे आहेत. फरक आहे तो वरच्या दोनांतच. कोड्याचा अर्धा भाग असा उलगडला.

उरलेल्या भागासाठी त्यांनी वेगवेगळ्या युक्त्या वापरल्या. हाइनरिष किलियानी या शास्त्रज्ञाने साखरेच्या साखळीत एक कार्बन वाढवण्याची रीत शोधली होती. ती फिशर यांनी उपयोगात आणली. पाच कार्बनांची ॲरॅबिनोज नावाची साखर घेतली आणि तिला एक कार्बन जोडला, तर ग्लुकोज आणि मॅनोज यांची जोडी मिळते, हे त्यांनी पाहिले. यावरून १६ शक्यतांपैकी पुष्कळशा गळून पडल्या.

शेवटी प्रश्न उरला, की या जोडीतली ग्लुकोज कोणती आणि मॅनोज कोणती? यासाठी त्यांनी केलेला विचार फार सुंदर आहे. साखरेचा रेणू म्हणजे एक साखळी समजा. तिचे एक टोक डोके आणि दुसरे टोक शेपूट. रासायनिक क्रियांनी डोक्याच्या जागी शेपूट आणि शेपटाच्या जागी डोके आणले, तर काय होईल? जोडीतल्या एका रचनेत अशी अदलाबदल केली तरी तीच साखर परत मिळते. दुसऱ्या रचनेत मात्र एक निराळीच साखर तयार होते. फिशर यांनी प्रयोग केला. ग्लुकोजच्या बाबतीत त्यांना निराळी साखर मिळाली. तिला त्यांनी गुलोज असे नाव दिले. बस्स, ग्लुकोजची जागा ठरली! १८९१ साली त्यांनी आपला हा निष्कर्ष जगापुढे मांडला. व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांचा थट्टेचा विषय झालेला विचार किती खरा होता, हेही त्यामुळे सिद्ध झाले. साखरेचे रेणू कागदावर सोप्या उभ्या-आडव्या रेषांनी काढण्याची पद्धतही फिशर यांनी त्याच वर्षी सुचवली. पुढे तुम्ही महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकलात, तर फिशर यांच्या नावाची ती आकृती तुम्हाला वहीत काढावी लागेल.

मित्रांनो, येथे एक गोष्ट समजून घ्या. आरशात डावे उजवे होते आणि उजवे डावे. फिशर यांनी शोधलेली रचना आणि तिचे आरशातले प्रतिबिंब, या दोहोंतले खरे कोणते हे सांगण्याचे साधन त्या काळी कोणाजवळही नव्हते. फिशर यांना याची पूर्ण जाणीव होती. त्यांनी दोहोंपैकी एक रूप मानून घेतले आणि पुढचे काम त्यावर उभारले. त्यांचा अंदाज बरोबर असण्याची शक्यता निम्मी होती आणि चूक असण्याचीही निम्मी. १९५१ साली नेदरलँड्सच्या बायफूट या शास्त्रज्ञाने क्ष-किरणांच्या साहाय्याने या प्रश्नाचा निकाल लावला. फिशर यांचा अंदाज बरोबर निघाला! पण तो निकाल ऐकायला फिशर हयात नव्हते.

नुसती रचना ओळखून फिशर थांबले नाहीत. साखर प्रयोगशाळेत बनवून दाखवायची, असा त्यांचा निश्चय होता. ज्यूलियस ताफेल या सहकाऱ्याबरोबर त्यांनी १८८७ साली हे काम हाती घेतले. सुरुवात केली ती ग्लिसरीनसारख्या साध्या पदार्थांपासून. त्यांच्यातून एक पाक मिळाला. त्यात एक कृत्रिम साखर अगदी थोड्या प्रमाणात होती. तिला फिशर यांनी ॲक्रोज म्हटले. ॲक्रोजमध्ये डावी आणि उजवी अशी दोन्ही रूपे निम्मी-निम्मी मिसळलेली होती. एकेक पायरी चढत, दोन रूपे वेगळी करत, १८९० साली त्यांनी त्यापासून मॅनोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिळवले. झाडाच्या पानांत सूर्यप्रकाशाच्या मदतीने जे घडते, त्याच वस्तू माणसाच्या हातांनी काचेच्या भांड्यात घडवल्या होत्या.

हे काम करताना त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट पाहिली. डाव्या-उजव्या साखरेच्या मिश्रणात यीस्ट घातले, तर ते एकच रूप खाऊन टाकते आणि दुसऱ्याला तोंडही लावत नाही. यीस्टसारख्या सूक्ष्म जीवाला डावे-उजवे कळते तरी कसे? पुढे त्यांनी ग्लुकोजपासून दोन जवळजवळ सारखे पदार्थ घेऊन पाहिले. त्यांपैकी एक पदार्थ यीस्टमधल्या विकराने फुटत होता, तर दुसरा बदामातल्या विकराने. विकर म्हणजे सजीवांच्या शरीरात रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ. यावरून १८९४ साली फिशर यांनी एक उपमा दिली. कुलूप आणि किल्ली यांच्याप्रमाणे विकर आणि त्याचा पदार्थ एकमेकांत बसले पाहिजेत, तरच क्रिया घडते. तुमच्या घराच्या कुलपाला शेजाऱ्याची किल्ली लागते का? तसेच हे. पुढच्या संशोधनाने या कल्पनेत सुधारणा झाली, तरी विकरे आणि औषधे यांचा अभ्यास करणारे आजही या उपमेपासूनच सुरुवात करतात.

१८९२ साली फिशर बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक झाले. जर्मनीतले रसायनशास्त्राचे हे मोठे मानाचे पद होते. त्यांच्या प्रयत्नांनी तेथे नवी प्रशस्त प्रयोगशाळा उभी राहिली आणि १९०० साली ती सुरू झाली. देशोदेशीचे तरुण त्यांच्याकडे शिकायला येत. फिशर हे काही जन्मजात वक्ते नव्हते. पण त्यांची स्मरणशक्ती तीव्र होती. ते आपले व्याख्यान आधी लिहून काढत, पाठ करत आणि मग वर्गात देत. दुसरी भाषा बोलताना तुमची जीभ अडखळत असेल, तर ही गोष्ट ध्यानात ठेवा.

साखरांबरोबरच दुसऱ्याही एका विषयावर त्यांचे काम चालू होते. चहा-कॉफीतले कॅफीन आणि शरीरातले यूरिक आम्ल हे एकाच कुटुंबातले पदार्थ आहेत, हे त्यांनी दाखवले. त्या कुटुंबाला त्यांनी प्युरीन असे नाव दिले. साखरा आणि प्युरीन यांवरील या कार्यासाठी १९०२ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या आदल्या वर्षी रसायनशास्त्राचे पहिलेवहिले नोबेल मिळाले होते व्हान्ट हॉफ यांना. ज्याची कल्पना आणि ज्याने ती साखरांत सिद्ध करून दाखवली, त्या दोघांचा सन्मान असा पाठोपाठ झाला. त्यानंतर फिशर प्रथिनांकडे वळले आणि १९०७ साली त्यांनी १८ अमिनो आम्लांची एक साखळी तयार केली.

कीर्ती अशी वाढत होती, पण घरी मात्र दुःख होते. १८८८ साली त्यांचा विवाह ॲग्नेस गेर्लाख यांच्याशी झाला. त्यांना तीन मुलगे झाले. पण लग्नानंतर सातच वर्षांनी, १८९५ साली, ॲग्नेस यांचे निधन झाले. मुलांचा सांभाळ फिशर यांच्यावर आला. त्यांची स्वतःची प्रकृतीही ढासळत होती. ज्या फेनिलहायड्राझिनने साखरेची गुपिते उघडली, ते विषारी होते. वर्षानुवर्षे त्याची वाफ श्वासात गेल्याने आणि ते हातांना लागल्याने फिशर यांना त्वचेचा आणि पोटाचा त्रास जडला. आज प्रयोगशाळेत हातमोजे घालतात, चष्मा लावतात, विषारी वाफा बाहेर नेणारी कपाटे वापरतात. त्या काळी या धोक्यांची पुरती कल्पना नव्हती. त्याची किंमत फिशर यांना चुकवावी लागली.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. अनेक जर्मन विद्वानांप्रमाणे फिशर यांनीही आपल्या सरकारची बाजू घेतली आणि युद्धासाठी लागणाऱ्या रसायनांच्या पुरवठ्याचे काम केले. पण या युद्धाने त्यांना फार मोठे दुःख दिले. युद्धाच्या त्या वर्षांत त्यांचे दोन तरुण मुलगे दगावले. देश हरला, उपासमार आली, विद्यार्थी पांगले. त्यातच त्यांना कर्करोग झाला. १५ जुलै १९१९ रोजी बर्लिन येथे त्यांचा अंत झाला. हयात राहिलेला मुलगा हेर्मान यानेही कर्बोदकांवरच संशोधन केले आणि पुढे अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात तो प्राध्यापक झाला.

फिशर यांचे काम त्यांच्याबरोबर संपले नाही. ग्लुकोजचा रेणू बहुतेक वेळा सरळ साखळीच्या नव्हे, तर कड्याच्या रूपात असतो, हे इंग्लंडच्या नॉर्मन हॅवर्थ यांनी दाखवले. त्यांना १९३७ साली नोबेल मिळाले. तुमच्या चहातली साखर, म्हणजे सुक्रोज, रासायनिक रीतीने बनवणे तर फिशर यांच्या निधनानंतर ३४ वर्षांनी, १९५३ साली कॅनडात शक्य झाले. फिशर यांच्या विद्यार्थ्यांपैकी ऑटो वारबुर्ग आणि ऑटो डील्स यांना पुढे नोबेल पारितोषिके मिळाली. त्यांच्या प्रयोगशाळेत काही काळ काम केलेल्या कार्ल लँडस्टायनर यांनी माणसाचे रक्तगट शोधून काढले. ए आणि बी या रक्तगटांत फरक असतो तो पेशींवरील एका साखरेचाच, हे मागाहून कळले. क्यूबा देशात तर २००४ साली, मुलांना होणाऱ्या मेंदूज्वराला कारणीभूत असणाऱ्या एका जंतूविरुद्ध, प्रयोगशाळेत बनवलेल्या कर्बोदकापासून लस तयार झाली.

मित्रांनो, रुग्णालयात एखाद्या रुग्णाच्या शिरेत ग्लुकोजचे पाणी थेंब थेंब जाताना तुम्ही पाहिले असेल. जुलाब झालेल्या बाळाला मीठ आणि ग्लुकोज घातलेले पाणी पाजतात, हेही तुम्हाला ठाऊक असेल. त्या थेंबांतल्या रेणूचा चेहरा आज आपल्याला ओळखीचा आहे. जो मुलगा दुकान सांभाळायला अपात्र ठरला, त्याने चिकट पाकातून, पिवळ्या स्फटिकांतून आणि विषारी वाफांतून वाट काढत तो चेहरा आपल्याला दाखवला.